बेचाळीस लिफ्टांमधला फोटो

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणजे तू मला मनातल्या मनात तीनदा तरी फासावर चढवलं असशील. फोनवर तुला माझा आवाज माशी घोंघावल्यासारखा ऐकू येतो, म्हणून सगळं लिहूनच कळवावं लागतं, आणि हे लिहायला हात धजत नव्हता. बोका आजारी आहे. साधासुधा नाही.

गेल्या महिन्यात आम्ही एका नऊ मजली इमारतीच्या लिफ्टचे दोर बदलत होतो. मी गच्चीवर मशीनच्या खोलीत, तो तळाच्या खड्ड्यात. एवढ्या उंचीवर हाक पोचत नाही, म्हणून आम्ही पान्याने रुळावर ठोकतो. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड. मी दोन ठोके दिले. खालून उत्तर नाही. पुन्हा दिले, तरी नाही. नऊ मजले मी कसा उतरलो ते माझं मला माहीत. बोका खड्ड्यात भिंतीला टेकून बसला होता, ओठ निळे पडलेले. मला बघून म्हणाला की जरा दम खातोय, बोंब मारू नकोस.

हृदयाच्या दोन झडपा कामातून गेल्या आहेत. छाती उघडून बदलाव्या लागतील, तेही एप्रिल संपायच्या आत. त्यानंतर डॉक्टर काही बोलायलाच तयार नाहीत. खर्च ऐकल्यावर मी बसायला खुर्ची शोधली. आमच्या कंपनीने थोडी मदत दिली आणि सोबत एक छापील कार्ड, त्यावर फुलांचा गुच्छ. त्यातलं कार्डच जास्त मोठं होतं.

आणि गंमत बघ. आयुष्यभर लोकांना वर-खाली नेणारा माणूस तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. डॉक्टरांनी जिना बंद केला आहे. एकदा खाली उतरला तर वर चढायची सोय नाही, म्हणून खोलीतच बसून आहे. एक खाट, एक खिडकी, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. काल सांगत होता की त्या भिंतीतल्या विटा दोनदा मोजल्या आणि दोन्ही वेळा वेगळ्या भरल्या. मी हसलो आणि जिन्यात येऊन रडलो.

आता माझी युक्ती ऐक. आमच्या दोघांकडे बेचाळीस लिफ्ट आहेत. लिफ्टमध्ये माणसाला अर्धा-पाऊण मिनिट काही काम नसतं, आणि अनोळखी माणसाकडे बघायचं नसतं म्हणून तो बटणांकडे बघत राहतो. तिथेच बटणांशेजारी पत्रक चिकटवायचं आणि तळमजल्यावर कुलपाचा डबा ठेवायचा. मजकूर मी लिहिला, 'तुमची लिफ्ट इतकी वर्षं यानेच चालती ठेवली. आता याचं हृदय अडलंय. हात द्या.' फोटो मात्र मिळेना. हा कायम खड्ड्यात नाहीतर छतावर, याचा फोटो काढणार कोण? शेवटी माझ्या ट्रंकेत तुझ्या दारातला जुना फोटो सापडला. हसणारा बोका मी दुसऱ्या कुठल्याच फोटोत पाहिलेला नाही. तोच मोठा करून घेतला. चालेल ना?

आठवतं, तू खिडकीतून 'अरे बोक्या' अशी हाक मारलीस की हा तीन गल्ल्यांपलीकडून भिंतीवरून पळत यायचा. नाव तूच पाडलंस. आता जिन्याच्या चार पायऱ्यांना धापा टाकतो.

माझ्या भाचीला, पिल्लूला आशीर्वाद. लोभ आहेच, तो आहे तेवढाच ठेव, वाढवलास तर मला झेपायचा नाही.

तुझा
धाकटा

*

ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तीनदा नाही, एकदाच चढवलं होतं. पत्र वाचल्यावर उतरवलं.

तुझ्या मित्राची बातमी वाचून मी हातातला कोट तसाच ठेवला. गिऱ्हाईक दुपारी येऊन उभं राहिलं तरी बाह्या उलट्याच होत्या. एवढं होईपर्यंत तुम्हा दोघांपैकी एकालाही कळलं नाही? दम लागतो, घाम येतो, हे काय एका दिवसात होतं? की तो लपवत होता आणि तू बघत नव्हतास? असो. तू रडलास ते बरं केलंस, फक्त त्याच्यासमोर रडू नकोस.

सोबत थोडे पैसे पाठवत आहे. दुसरं शिलाई मशीन नुसतंच कोपऱ्यात उभं होतं, येता-जाता गुडघ्याला लागायचं, ते विकलं. कोणी दिले ते सांगू नकोस. लिफ्टच्या डब्यातून आले म्हण, वाटेल ते म्हण.

आता फोटोचं. माझ्या दारातला म्हणजे कोणता? ज्यात पिल्लू त्याच्या खांद्यावर बसली आहे आणि तिने त्याचे दोन्ही कान धरले आहेत, तो का? तोच असेल तर चालेल ना म्हणून मला विचारायच्या आधी मोठा करून घेतलास कशाला? विचारण्याची ही कुठली पद्धत? उलट टपाली कळव.

त्याला जेवणाचा डबा रोज पोचतो का, त्याचंही लिही. राग आहे, पण आशीर्वादात घट नाही.

तुझी
ताई

*

ता. २२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तोच फोटो. आणि मी चांगलाच कात्रीत सापडलोय.

पहिल्या आठवड्यात डबे खुळखुळले सुद्धा नाहीत. दुसऱ्या आठवड्यात एका इमारतीत कुणीतरी कुणाला तरी सांगितलं की बिचाऱ्याची मुलगी किती लहान आहे. बस्स. तिथून जे सुरू झालं! मी कुठेही मुलगी हा शब्द लिहिलेला नाही, शपथ घेऊन सांगतो. पण पाच वर्षांची पोर खांद्यावर, कान धरून खिदळते आहे, आणि खाली 'याचं हृदय अडलंय'. लोकांनी आपलं आपण वाचून घेतलं. डबे भरले. निम्मी रक्कम जमली, ताई. डब्यांत आता बाहुल्या येतात, रंगपेट्या येतात. एका बाईंनी लोकरीचे मोजे विणून दिलेत, पिल्लूच्या आताच्या पायाला अंगठ्याएवढे.

एका नऊ मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर शाळेतून निवृत्त झालेल्या बाई राहतात. एकट्या. त्यांनी सगळ्यांत जास्त दिलं, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी साठवलेलं. माझा हात धरून म्हणाल्या की माझे डोळे थांबतील, पण त्या छोटीला बाप हवा. तेव्हा खरं सांगायला माझं तोंड उघडलं होतं. उघडलं आणि मिटलं. आता त्या रोज विचारतात की छोटी कशी आहे. मी म्हणतो बरी आहे. तेवढं तरी खरं आहे ना?

सांगावं तर पैसे जातील आणि एप्रिल काही लांब नाही. न सांगावं तर रोज बेचाळीस ठिकाणी माझं खोटं वर-खाली फिरतंय. बोक्याला काही माहीत नाही. खोलीबाहेर पडता येत नाही म्हणून कळलेलं नाही, आणि मला त्याचं बरं वाटतं, याची लाज वाटते.

तू पत्रात नुसतं 'तुझा मित्र' का लिहितेस? नाव तर तूच पाडलेलं. काय करू ते सांग. शिव्या दिल्यास तरी चालतील, पण लवकर दे.

तुझा
धाकटा

*

ता. २७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

शिव्यांनी सुरुवात करते. तू खोटं बोलला नाहीस, खोटं टांगून ठेवलंस. लहानपणी शेजारच्यांची काच फोडून तू असाच गप्प उभा राहायचास, आणि लोक समजायचे की बोलत नाही म्हणजे याने फोडली नसणार. वय वाढलं, खोड तीच.

त्या बाईंच्या डोळ्यांचं वाचल्यापासून माझी सुई धड चालत नाही. तो फोटो काढ, असं लिहायला मी चारदा बसले. मग वाटतं, काढला आणि पैसे थांबले आणि त्याचं काही झालं, तर? तो राहू दे, असंही लिहवत नाही. तू कात्रीत सापडलास म्हणतोस. मी रोज कात्री हातात धरते, मलाही ती उघडता येत नाही आज.

तो फोटो मी काढला होता. खाली पायरीवर एक सावली पडली आहे बघ, ती माझी. एवढंच सांगते, बाकी विचारू नकोस.

पिल्लूला सगळं सांगितलं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते, तेवीस वर्षांची घोडी झाली आहे, आणि ऐकून तिने आधी मोजे कुठे आहेत ते विचारलं.

तब्येतीला जप, तुझ्याही. राग आणि आशीर्वाद दोन्ही पूर्वीइतकेच.

तुझी
ताई

*

ता. १४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फुटलं सगळं. बोका जिवंत आहे, हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू धीराने वाचशील.

एका शाळेतल्या मुलांनी चित्रं काढून कंपनीत पाठवली. कंपनीतल्या शहाण्याने ती परस्पर बोक्याच्या पत्त्यावर धाडली. वीस चित्रं, प्रत्येकात एक माणूस, एक छोटी मुलगी आणि मध्ये लाल हृदय. एका पोराने तर मुलीला चष्मा पण लावलाय. बोक्याने सगळी खाटेवर पसरली, समजायचं ते समजला, खिशात पत्रा खरवडायची पट्टी घातली आणि तीन जिने उतरला. ज्या जिन्यांवरून परत चढायची त्याला मनाई आहे, ते. दोन गल्ल्यांवरच्या इमारतीत पोचला, नेमका बाईंच्याच. लिफ्टमध्ये शिरला, पत्रकाला पट्टी लावली, तोच दार उघडून बाई आत. फोटोतला माणूस समोर उभा! काही बोलायच्या आत तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये वीज गेली.

मला निरोप मिळाला की लिफ्टमध्ये दोघं अडकलेत आणि एकाला धाप लागलीय. कोण ते सांगितलं नाही, पण मला कळलं. नऊ मजले चढून मशीनच्या खोलीत गेलो. वीज नसली की ब्रेक हाताने सैल करून, मोठं चाक फिरवत लिफ्ट इंचाइंचाने उतरवायची असते. हे दोघांचं काम, मी एकटा. रुळावर दोन ठोके दिले, सोडू का? खालून एक आला. थांब. मी थांबलो. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं. पुन्हा एकच. ताई, माझी पाचावर धारण बसली. डोळ्यांसमोर त्याचे निळे ओठ, हातात तो ब्रेक, आणि खालून थांब, थांब. ब्रेक सोडून खाली जाता येत नाही आणि लिफ्ट उतरवता येत नाही. वीस मिनिटं गेली. शेवटी दोन ठोके आले. उतरवलं, धावत खाली गेलो, तर हा लिफ्टच्या जमिनीवर मांडी घालून बसलेला, बाई वर्तमानपत्राने वारा घालताहेत, आणि मला म्हणाला की बोलणं अर्धवट होतं म्हणून थांब म्हटलं.

बोलणं! त्याने त्यांना सगळं खरं सांगून टाकलं होतं. मला मुलगी नाही, बायको नाही, तुमचे पैसे परत घ्या आणि डोळे करा. बाईंनी विचारलं की मग ही कोण. म्हणाला, मित्राच्या बहिणीची. आता किती वर्षांची? तेवीस. तुम्हाला बरं नक्की माहीत? तेव्हा त्याने ते बटणांचं सांगितलं, जे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. जुन्या लिफ्ट मोडीत निघाल्या की हा पितळी बटणं काढून घ्यायचा. मला वाटायचं भंगारात विकतो. तर हा दर वर्षी पिल्लूच्या वाढदिवसाला तिच्या वयाच्या आकड्याचं बटण घासूनपुसून टपालाने पाठवतो म्हणे. सहापासून सुरू केलं, नऊनंतर दोन-दोन जोडून. तू कधी बोलली नाहीस ते!

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की मग मुलगी आहे की, तुम्ही तर म्हणालात नाही. मग फोटोतल्या पायरीवर बोट ठेवून विचारलं की ही सावली कोणाची. रोज लिफ्टमध्ये बघत होत्या बिचाऱ्या. बोका म्हणाला की जिला एक पत्र लिहिलं होतं तिची. पुढे तो बोलला नाही आणि बाईंनी विचारलं नाही. मी तुला विचारतोय.

पैसे परत घ्यायला बाईंनी साफ नकार दिला. पण मला समोर बसवून नवं पत्रक लिहायला लावलं, 'फोटोतली मुलगी याची नाही. माझ्या बहिणीची आहे, आणि आता मोठी आहे. हे मी आधी सांगायला हवं होतं. ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी मागावेत.' तीनदा खोडून घेतलं. दोन दिवस फिरून बेचाळीस लिफ्टांत ते चिकटवलं. काहींनी पैसे नेले. एकाने बाहुलीपण नेली. बोका तळमजल्यावर माझ्याकडे राहतोय आणि म्हणतोय की आता जे उरलं त्यात होईल तर होईल.

तुझा
धाकटा

*

ता. २० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

विचारलंस, तर सांगते. आता लपवून कोणाचं भलं होणार आहे?

पिल्लूचे बाबा गेले त्याला वर्ष झालं होतं. बोका, लिहिलं बघ एकदाचं, आमच्याकडे आला, दाराची बिजागरी दुरुस्त केली, पोरीला खांद्यावर घेतलं, मी फोटो काढला. आठ दिवसांनी त्याचं पत्र आलं. चारच ओळी. मी तुमच्या दोघींबरोबर राहायला आलो तर चालेल का, नाही म्हणालीस तरी वाईट वाटून घेणार नाही, पण काहीतरी लिही.

मी त्याच दिवशी उत्तर लिहायला बसले. उत्तर तयार होतं रे. अडलं ते मायन्याशी. श्रीयुत लिहिलं, तर वाटलं दार लावल्यासारखं होईल. प्रिय लिहिलं, तर कोणी पाहील तर काय म्हणेल, नवऱ्याला जाऊन वर्षच झालंय. नुसतं नाव लिहावं तर तेही कसंसंच. मायनाच ठरेना, म्हणून पुढचं लिहिलं नाही. उद्या लिहू, उद्या लिहू. मग इतके दिवस झाले की उशीर का झाला तेही लिहावं लागलं असतं. अठरा वर्षं झाली. मी दोन ओळी लिहायला अडले आणि त्याने इकडे यायचं बंद केलं. फक्त ती बटणं येतात, आत चिठ्ठी नसते. पिल्लूने ती खिडकीत ओळीने मांडली आहेत.

आता त्याच्या छातीत बिघाड झाला आणि माझी जीभ अजून तिथेच अडकलेली आहे. हे तुझ्या पोटात ठेव.

पिल्लू म्हणते फोटो राहू दे, तिची परवानगी आहे, पण मोजे मात्र पाठव.

तुझी
ताई

*

ता. ५ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं आणि पोटात ठेवलं. तिथे बरीच जागा आहे, तुझी भावजय म्हणते.

चांगली बातमी आधी. पैसे पुरे झाले! बाई हातात वही घेऊन मजला-मजला चढल्या, मुद्दाम जिन्याने, म्हणजे लोकांना लाज वाटावी. बाहुली नेणारा माणूस ती परत घेऊन आला. शस्त्रक्रिया चौदा तारखेला सकाळी आठला.

आता वाईट. नातेवाइकाची सही लागते. बोक्याचं कोणी नाही, हे तुला माहीत आहे. मी अर्जावर नात्याच्या रकान्यात 'मित्र' लिहिलं, तर खिडकीतल्या कारकुनाने तो परत सरकवला. नियमात मित्र बसत नाही म्हणाला. मी सांगितलं की तीस वर्षं याचा जीव माझ्या दोराला आणि माझा याच्या ब्रेकला लटकलेला आहे. त्याने पुढच्या माणसाला हाक मारली. तीन खेटे घातले, तीनही वेळा तेच. सही नसेल तर तारीख जाईल, आणि पुढची तारीख जूनमधली आहे. जून! डॉक्टर एप्रिल म्हणताहेत. एवढं सगळं जमवून आम्ही एका रिकाम्या चौकोनासमोर उभे आहोत.

बोका म्हणतो, जाऊ दे, खूप झालं, लोकांना पैसे देऊन टाक. रागाने नाही म्हणत, थकून म्हणतो, त्याची मला जास्त भीती वाटते. ताई, तू ये. तू सही कर. हात जोडतो.

तुझा
धाकटा

*

ता. ९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पिशवी भरली आणि दारापाशी ठेवली. दिवसभर ती तिथे आहे आणि मी तिच्याकडे बघते आहे.

येईन रे, पण कोण म्हणून? त्या चौकोनात मी काय लिहू? एक मायना अठरा वर्षांत लिहिता आला नाही, आता खिडकीत उभी राहून, मागे रांग असताना, नातं लिहू? मैत्रीण लिहिलं तर तुझ्यासारखंच परत येईल. दुसरं लिहायचा हक्क मी माझ्या हाताने घालवला. आणि मी समोर दिसले की त्याला काय वाटेल? इतकी वर्षं दोन ओळी नाहीत आणि आता छाती उघडायच्या वेळी उगवली. त्याच्या हृदयाला तो धक्का सोसेल का? मला इथून हलवत नाही आणि इथे बसवतही नाही. भित्री आहे तुझी ताई, खुशाल म्हण.

काहीतरी दुसरं शोध. कारकुनाच्या साहेबांना भेट. हे पत्र लिहिताना पिल्लू मागे उभी राहून वाचते आहे, तिला ओरडले तरी जात नाही.

तुझी
ताई

*

ता. १२ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तू बाजारात गेलीस तेव्हा मी तुझी भरलेली पिशवी रिकामी करून माझे कपडे भरले आणि निघाले. चिठ्ठी ओट्यावर ठेवली होती, मिळाली असेल. दुकानातून चार दिवसांची रजा घेतली आहे. रागावू नकोस, रागवायचं असेल तर लिहून रागव, मी सवडीने वाचीन.

मामाबरोबर काल त्या खिडकीशी गेले. नात्याच्या रकान्यात 'मुलगी' लिहिलं आणि खाली सही केली. कारकुनाने माझ्याकडे बघितलं, अर्जाकडे बघितलं आणि शिक्का मारला. खरं सांगते, हात अडखळला नाही. मामा बाहेर येऊन डोकं धरून बसला. म्हणतो, बाईंनी माझ्याकडून बेचाळीस लिफ्टांत लिहून घेतलं की ही याची मुलगी नाही, आणि ही इथे सहीशिक्क्यानिशी लिहून देते की आहे. बाईंना सांगितलं तेव्हा त्या आधी गंभीर झाल्या, मग मला त्यांनी बटणं किती वर्षं आली ते विचारलं. अठरा म्हटलं. तर म्हणाल्या की बरोबर लिहिलंस.

बोका काकांना भेटले. खाटेला पाठ लावून बसले होते. मला ओळखायला त्यांना जरा वेळ लागला, मग म्हणाले की कान वाचवायला हवेत. खूप बारीक झालेत, आई. तुझं नाव काढलं नाही, पण मी आत आले तेव्हा माझ्या मागे दाराकडे बघितलं आणि बघतच राहिले. मग विचारलं की तुझी आई ऐकू यायचं यंत्र लावते का अजून, की खोक्यातच ठेवते.

ते पत्र मला माहीत आहे. तुझ्या मशीनच्या खणात, दोऱ्याच्या रिळांखाली. मी बारा वर्षांची असताना वाचलं. दर वर्षी बटण आलं की तू खण उघडून बघायचीस, बंद करायचीस. मला वाटायचं, या वर्षी तरी लिहील.

मी अर्जावर जे लिहिलं ते खोटं आहे, मला कळतं. पण ते खरं करायचं माझ्या हातात नाही, तुझ्या आहे. परवा सकाळी आठला नेणार आहेत. हे पत्र बसच्या ड्रायव्हरबरोबर देते, उद्या मिळेल. तूही त्याच्याबरोबरच दे.

तुझी
पिल्लू

*

ता. १४ एप्रिल, सकाळी आठ

मायन्याची जागा कोरी सोडली आहे. या वेळी तिथे अडून बसले नाही, थेट पुढच्या ओळीवर आले.

तुझ्या पत्राचं उत्तर हो असं आहे. तेव्हाही हो होतं. उशीर का झाला ते तुला सांगेन तेव्हा तू मला हसशील, आणि हसावंस अशीच माझी इच्छा आहे.

घड्याळात आत्ता आठ वाजले. तुला आत नेलं असेल. हे पत्र तू वाचशील की नाही ते मला माहीत नाही, आणि ते कळायच्या आत लिहून संपवायचं म्हणून भरभर लिहिते आहे. तू वाचलास असं कळल्यावर हो म्हणणं सोपं झालं असतं. तसं सोपं मला नको. नऊची बस आहे, ड्रायव्हर थांबतो म्हणाला आहे.

बिजागरी तू बसवलीस तशीच आहे, कुरकुरत नाही. खण उघडा आहे. पोरीला तुझ्याकडे पाठवलं नाही, ती पळून आली, पण आली ते बरं झालं. मला यायला हवं होतं. मी आले नाही म्हणून माझ्यावर रागव, पण डोळे उघड.

वर जी जागा सोडली आहे, तिथे मी तुला काय म्हणावं ते तूच तुझ्या हाताने लिही.

ताई नव्हे, ती मी धाकट्याची.
तुझी
सावलीवाली

*

ता. २६ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पिल्लूचा निरोप तुला मिळालाच असेल, तरी माझ्या हाताने लिहितो. बोका वाचला. सहा तास आत होता. बाई, पिल्लू आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो आणि बाई माझ्याकडून पाढे म्हणवून घेत होत्या, म्हणजे मी विचार करू नये. तिसऱ्या दिवशी आत सोडलं. तोंडात नळी, बोलता येईना. मी खाटेच्या गजावर बोटाने एक ठोका दिला. त्याने हात हलवला आणि दोन दिले. मी तिथून निघून आलो, नाहीतर तू रडू नकोस म्हणाली होतीस ते मोडलं असतं.

तुझं पत्र मी अकरा दिवस खिशात ठेवलं. डॉक्टर म्हणाले होते की धक्का बसेल असं काही नको. काल विचारलं, तर डॉक्टर म्हणाले की कशा प्रकारचा धक्का. मी सांगितलं. म्हणाले, द्या. त्याने वाचलं. बराच वेळ छातीवर पालथं ठेवून पडला होता, तेही टाक्यांवर, मी ओरडलो तर ऐकेना. मग पेन मागितलं. कोरी जागा भरायला पाच मिनिटं लागली. तोच कागद सोबत परत पाठवतोय, त्याने तसं सांगितलंय.

महिन्याभराने त्याला घरी सोडतील. कोणत्या घरी ते तू ठरव, पण जिने नसलेलं हवं. तुझं तळमजल्यावर आहे, मी आठवून बघितलं. बेचाळीस पत्रकं मी परत एकदा बदलणार नाही, हे मात्र आत्ताच सांगून ठेवतो.

लोभ आता वाढवलास तरी चालेल. झेपेल.

तुझा
धाकटा

ता. क. त्याने वर काय लिहिलंय ते मी वाचायला नको होतं, पण वाचलं. तू अठरा वर्षं श्रीयुत आणि प्रिय यांच्यामध्ये अडकून होतीस. त्याने वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलंय, 'अरे बोक्या,'.